एका फोनची जलसमाधी

मी गोरेगावला राहतो असं सांगितलं की मुंबईकडचा माणूस लगेच विचारतो, "पूर्व की पश्चिम?" आमच्या गोरेगावालाही पूर्व-पश्चिम आहे, नाही असं नाही; पण मध्ये रेल्वेचे रूळ नाहीत. पूर्वेला आमचं शेत आणि पश्चिमेला शेजाऱ्यांची म्हैस, एवढाच फरक. हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. महाराष्ट्रात गोरेगावं पुष्कळ. एक रायगडात आहे, एक गोंदियाकडे चक्क तालुक्याचं ठिकाण होऊन बसलं आहे. आमचं तेवढं हुशार निघालं नाही. आमच्याकडे हळद होते, सोयाबीन होतं, तूर होते. आमच्या शिवारात होत नाही तो फक्त तांदूळ. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढं तिचा संबंध येणार आहे.

प्रकार घडला तो असा. पावसाळा तोंडावर होता, पण तोंडावरच होता. आत शिरायचं नाव काढत नव्हता. रात्री अकराला लाईट आली, बोअरची मोटार सुरू केली आणि अंगणातली जमिनीखालची टाकी किती भरली हे बघायला मी कट्ट्यावरचा फोन उचलला. तो वहिनींचा निघाला. टॉर्च लावून मी टाकीत वाकलो, आणि पुढच्या क्षणी टॉर्च टाकीत होती आणि मी अंधारात होतो. फोन पाण्याखाली गेला तरी दिवा मात्र चालूच. तळाशी तो असा शांत तेवत होता की मला क्षणभर हात जोडावेसे वाटले. नंतर भान आलं. पीठ चाळायची चाळणी वेळूच्या काठीला बांधून मी त्याला वर काढेपर्यंत दिवा विझला होता.

वहिनी झोपल्या होत्या. घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. अशा एकांतात मनुष्याच्या विवेकाची परीक्षा होते असं म्हणतात. माझी झाली, आणि मी नापास झालो. मी फोन धोतराला पुसला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, कंपनीचं नाव आलं आणि गेलं. पुन्हा दाबलं. मग पुन्हा. पाच-सात वेळा दाबून झाल्यावर मला वाटलं, बिचारा दमला असेल. म्हणून मी त्याला चार्जिंगला लावला. हे म्हणजे विहिरीतून काढलेल्या माणसाला आधी धावायला लावायचं आणि मग पुरणपोळी चारायची, त्यातला प्रकार. पण हे ज्ञान मला तिसऱ्या दिवशी हिंगोलीत झालं.

सकाळी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, माझा फोन दिसला का कुठं?"

"माझ्याकडेच आहे, वहिनी. त्यात अपडेट चाललंय."

अपडेट हा शब्द ज्या कुणी शोधून काढला त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं. पूर्वी थापा मारायला कल्पनाशक्ती लागायची. कुणाला तरी आजारी पाडावं लागे, एसटी बंद पाडावी लागे. आता नुसतं अपडेट म्हटलं की समोरचा माणूस आदरानं गप्प बसतो.

आता या फोनचं महत्त्व सांगायला हवं. आमचा दादा जाऊन दोन वर्षं झाली. दादाला टाईप करणं जमत नसे. तो बोलून पाठवायचा. शेतातून वहिनींना रोज एक-दोन निरोप असायचे. त्यात काव्य काही नव्हतं. "डब्यात ठेचा टाक", "फेज गेलाय, उशीर होईल", "वासरू सोडू नको, मी येतो", असला मामला. पण दादा गेल्यापासून दिवेलागणीला आतल्या खोलीतून त्याचा आवाज यायचा. वहिनी एखादा निरोप लावायच्या, ऐकायच्या आणि मग भाकरी टाकायला उठायच्या. घरात त्यावर कुणी कधी बोललं नाही. तो फोन मी पाण्यात टाकला होता.

गावात गुप्तता टिकत नाही. दुपारपर्यंत चार जण सल्ला द्यायला हजर झाले. एक म्हणाला, पत्र्यावर उन्हात ठेवा. दुसरा म्हणाला, तव्यावर, पण मंद आचेवर. तिसऱ्यानं सायकलचा पंप आणला होता. चौथ्यानं निकाल दिला, "गुरुजी, हे सारं ऱ्हाऊ द्या. फोन तांदळात घाला. तांदूळ पाणी ओढून घेतो. दोन दिवस काढायचाच नाही."

"पण आपल्याकडे ज्वारी आहे. ज्वारीत नाही का चालणार?"

"कामून? फोन काय आपल्याकडचा हाय व्हय? त्याला तांदूळच लागतो."

हे मला पटलं. परदेशी पाहुण्याला भाकरी वाढून कसं चालेल? मी दुकानातून दोन किलो तांदूळ आणला, तोही चांगल्यातला. घरातल्यांसाठी आम्ही इतका महाग तांदूळ आणत नाही. फोन डब्यात पुरला आणि डबा देवघराच्या फडताळात ठेवला. तिथं कुणी हात लावत नाही हे एक कारण, आणि दुसरं कारण देवाला कळायला हवं होतं.

वास्तविक तांदळाची ही कीर्ती अगदीच निराधार नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे टाकणारी घरं आजही आहेत. पण मिठाच्या बाटलीतली दमट हवा ही एक गोष्ट आणि बंद फोनच्या पोटात, पत्र्याच्या झाकणाखाली अडकलेला पाण्याचा थेंब ही दुसरी. बाहेर कितीही तांदूळ असला तरी त्या थेंबाला त्याचं आमंत्रण पोचत नाही. उलट तांदळाची भुकटी आणि कणी चार्जिंगच्या भोकात शिरते. शेवटी ॲपल कंपनीनंच जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सूचनांत लिहून टाकलं, की आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, कणांनी बिघाड होऊ शकतो. बाहेरून उष्णता देऊ नका, हवेचा झोत मारू नका, भोकात कापूस घालू नका. तोंड खाली करून हातावर हलके आपटा आणि वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवून द्या. म्हणजे तांदूळ, तवा, पंप आणि कापूस, माझे चारही सल्लागार एका झटक्यात निकालात निघाले.

मग इतक्या जणांचे फोन तांदळानं बरे कसे झाले? हिंगोलीच्या दुरुस्तीवाल्यानं हे कोडं उलगडून सांगितलं. पंचविशीतलं पोरगं, पण बोलणं धन्वंतरीचं. म्हणाला, "सर, तांदळानं काही होत नाही. तांदळात ठेवला की माणूस दोन दिवस बटण दाबत नाही. गुण त्याचा येतो."

मी स्टुलावर बसूनच घेतलं. त्याचं म्हणणं असं, की निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. पण आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. पातेल्याला पांढरी पुटं चढवणारं. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते, जिथं जाऊ नये तिथं जाते, आणि वीज आणि ओल एकत्र आली की आतलं तांबं खाल्लं जाऊ लागतं. जोवर बॅटरी जोडलेली आहे तोवर हे चालूच राहतं. म्हणून पहिला उपाय वीज तोडणं, म्हणजे फोन बंद करणं आणि बंदच ठेवणं. सिमकार्ड, मेमरी कार्ड काढून घेणं. आणि लवकरात लवकर उघडून धुणं.

"धुणं?" मी विचारलं.

"हो ना. आम्ही बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतो. क्षार निघून जातात आणि ते स्वतः उडून जातं. जास्त असलं तर अल्ट्रासॉनिकच्या टाकीत बुडवतो."

म्हणजे बुडालेल्याला वाचवायचं तर पुन्हा बुडवायचं, पण दारूच्या जातीच्या द्रवात! काही माणसं आपल्या दुःखावर हाच उपाय करतात, पण त्यांचे क्षार जात नाहीत.

एवढं सांगून त्यानं विचारलं, "पडल्यावर चालू करून पाहिला होता का?"

"छे छे," मी म्हणालो. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला मनुष्य मी. तोंडातून ते आपोआप निघालं.

तो काही बोलला नाही. त्यानं फोन उघडला, चिमट्यानं आतली एक बारीकशी पट्टी दाखवली. ही पट्टी मूळची पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. "काही लोक म्हणतात पाणी लागलंच नाही, वॉरंटीत बसवा. मग आम्ही ही दाखवतो." पट्टीच्या शेजारी चार्जिंगच्या जागी हिरवट-काळा डाग होता. "आणि हा डाग चार्जरला लावल्याचा," तो म्हणाला. अगदी सौम्यपणे म्हणाला. मुख्याध्यापकासमोर उभं राहिल्यावर पोरांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मी परतीच्या एसटीत त्या पट्टीचाच विचार करत होतो. ऋषीमुनींनी अंतःकरणाची जागा कुठं आहे यावर केवढा खल केला आहे. इथं एका कारखान्यानं ती तांदळाच्या दाण्याएवढ्या कागदात बसवून टाकली. माणसाच्या पोटात अशी एक पट्टी असती आणि महिन्यातून एकदा दुकानात नेऊन उघडून बघता आली असती, तर किती भाषणं वाचली असती.

वाचकहो, पट्टीचा विषय निघालाच आहे तर एक दुरुस्ती करतो. वर मी लिहिलं आहे की मी कट्ट्यावरचा फोन उचलला आणि तो वहिनींचा निघाला. असं काही झालं नाही. कट्ट्यावर दोन फोन होते. माझा फोन जास्त जवळ होता. पण तो मुलानं पुण्याहून आणलेला, चार महिन्यांचा, कोरा. टाकीवर वाकायचं, हात ओला, पडला-बिडला तर, असा विचार माझ्या मनात स्पष्ट आला, आणि मी हात लांबवून वहिनींचा जुना फोन उचलला. 'चुकून पडला' हे खरं आहे. 'चुकून उचलला' हे खरं नाही.

यातला विनोद असा, की माझा नवा फोन जलरोधक आहे. त्याच्या खोक्यावर आयपी ६७ असं छापलेलं आहे. याचा अर्थ एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास राहिला तरी त्याला काही होऊ नये. आमच्या टाकीत पाणी होतं हातभर. म्हणजे ज्याला काही झालं नसतं त्याला मी जपलं, आणि ज्याचं सगळं जाणार होतं त्याला पुढं केलं. घरोघरी हेच चालतं म्हणा. सोसायची ताकद असते त्याला आपण सावलीत ठेवतो.

तर प्रश्न असा, की वाचवायचं म्हणजे काय वाचवायचं, आणि त्यासाठी कुठवर जायचं? या बाबतीत मे २०२३ मध्ये छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात एका अन्न निरीक्षकानं घालून दिलेला धडा सर्वांनी अभ्यासावा असा आहे. साहेब सहलीला गेले होते. सेल्फी काढताना लाखभर रुपयांचा फोन परळकोट जलाशयाजवळच्या खोलगट पाण्यात पडला. पाणबुडे झाले, सापडेना. मग डिझेलचे पंप लावून तीन-एक दिवस पाणी उपसलं. फोन सापडला. चालू झाला नाही. साहेब निलंबित झाले, आणि पाटबंधारे खात्यानं हिशेब करून पत्र धाडलं: ४१०४ घनमीटर पाणी वाया, त्याचे ४३,०९२ रुपये, वर दंड १०,०००, एकूण ५३,०९२.

मास्तर असल्यामुळे मी लगेच पाटीवर गणित मांडलं. ४१०४ घनमीटर म्हणजे ४१ लाख लिटर. दर पडला लिटरला साधारण एक पैसा. आता मराठवाड्यातल्या माणसानं यावर काय बोलावं? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. म्हणजे एका फोनसाठी तशा आठ गाड्या सांडल्या. साहेबांना आपण हसतो, मीही हसलो. पण एसटीत बसल्या-बसल्या लक्षात आलं, की त्यांनी आपली वस्तू वाचवायला लोकांचं पाणी उपसलं, आणि मी आपली वस्तू वाचवायला दुसऱ्याची पाण्यात घातली. फरक फक्त पंपाचा.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच मातीत आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते काठी शिळेवर बसून राहिले आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. लहानपणापासून मी ही कथा ऐकत आलो. पण त्या तेरा दिवसांत तुकोबांनी काय केलं नाही, याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी काठीला चाळणी बांधली नाही. घटकाघटकाला हात घालून पाहिलं नाही. आपल्याला तेरा मिनिटं निघत नाहीत. जिवंत आहे ना, हे बघण्याच्या घाईतच आपण कितीतरी गोष्टी मारतो. भांडण झाल्यावर दर तासाला जाऊन "अजून राग आहे का?" विचारणारा नवरा आणि ओल्या फोनचं बटण दाबणारा मी, एकाच वर्गातले. या कथेचा दुसराही अर्थ लोक लावतात. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना पाठ होते, ते लोकांच्या मुखातून परत आले. त्या दिवशी हा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटला नाही.

हिंगोलीवाल्यानं चार दिवसांनी कळवलं. मेमरी कार्डावरचे फोटो सगळे मिळाले. फोन मात्र गेला. दादाचे निरोप फोनच्या पोटात होते, आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या मेंदूत. मेंदू जळाला की कुलूप कायमचं. "बॅकअप होता का?" त्यानं विचारलं. वहिनींच्या फोनला बॅकअप लावून देतो असं मी दीड वर्षापासून म्हणत होतो.

संध्याकाळी मी वहिनींसमोर जाऊन बसलो. त्या तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. टाकी, चाळणी, बटण, चार्जर, तांदूळ. आणि दोन फोनांतला मी कुठला उचलला आणि का, तेही. हे शेवटचं सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात निवडून झालेली तूर त्यांनी पुन्हा एकदा निवडली.

मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, भाऊजी. देवघरात तांदळाचा डबा कोण ठेवतं? त्यातलाच तांदूळ काढून मी काल खिचडी लावली."

मी खिचडी दोनदा मागून घेतली होती.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "राग यायचा तो आला. नाही असं नाही म्हणत मी. आवाज गेला तो गेलाच. पण शब्द मला सारे पाठ आहेत." आणि तूर निवडता निवडता त्यांनी म्हणायला सुरुवात केली. डब्यात ठेचा टाक. फेज गेलाय. वासरू सोडू नको. कुठल्या दिवशीचा कोणता, तेही सांगत होत्या. मध्येच थांबून विचारलं, "पण तुमच्या फोनात असतीलच की त्यांचे. तुम्हाला तर रोज पाठवायचे."

जुन्या फोनमधलं सगळं मुलानं नव्यात भरून दिलं होतं. मी फोन काढला. दादाचं नाव फार खाली गेलं होतं. त्रेसष्ट निरोप होते. ऐकलेल्या निरोपाजवळचं माईकचं चिन्ह निळं होतं, न ऐकलेल्याचं हिरवं राहतं. माझ्या फोनवर वरपासून खालपर्यंत हिरवंगार शिवार होतं. प्रत्येकाखाली मी इमानदारीनं उत्तर दिलेलं होतं: ठीक. ठीक. ठीक. दादा बोलायला लागला की दोन मिनिटं बोले, आणि विषय मोटारीचा नाहीतर खताचा, म्हणून मी न ऐकताच ठीक लिहून मोकळा होत असे. नंतर ऐकू, असं ठरवून. हा फोन पाण्यात पडला नव्हता. त्याच्या पोटातली पट्टी पांढरीशुभ्र असणार.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना हिरव्या-निळ्याचा अर्थ माहीत होता, दादानंच शिकवला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदम सारे लावू नका. रोज एक."

तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या घरात पुन्हा दादाचा आवाज येतो. त्यातल्या एका निरोपात त्यानं मला टाकीवर लोखंडी झाकण बसवून घ्यायला सांगितलं आहे. रात्री कुणाच्या हातातून काही पडेल म्हणून. त्यालाही मी ठीक असं उत्तर दिलेलं आहे. झाकण परवाच बसवलं.